दोन दिवसांचा आराम



पावसाळ्यात ओल्या कपड्यांत शेतात राबणाऱ्या माणसाच्या जांघेत खाज सुटते. शेलूबाजारला आला की तो मेडिकलवर खाजेची ट्यूब मागतो. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून तीच ट्यूब घरभर फिरते. महिन्याभरात चट्टे मांडीवर पसरतात. कारण ते गजकर्ण असते, म्हणजे बुरशी. ट्यूबमधल्या स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते. बुरशी वाढतच राहते.

मग स्टेरॉइड वाईट का? नाही. इसब, सोरायसिस यांवर ते चांगले औषध आहे. आधी डॉक्टरांकडून आजार ओळखून घ्या. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे मलम बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. सांगितले तितके दिवसच लावा. भीतीपोटी मध्येच सोडूही नका. चेहरा, काख, जांघ इथली कातडी नाजूक असते. तिथे आणि लहान मुलांना मनाने लावू नका.

काही मुली गोरेपणासाठी हीच ट्यूब वापरतात. पुढे चेहरा लाल पडतो, पुरळ येते, केस वाढतात, आणि थांबवले की आग होते. असे झाले असेल तर लाज न बाळगता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

2018 पासून ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन हे नाव दिसले, तर आधी चिठ्ठी, मग मलम. आज घरी गेल्यावर कपाटातली ट्यूब एकदा वाचून पाहा.