हिवाळ्यातलं डुमना

हिवाळ्यात सहकुटुंब जंगल पाहायचं, तर जबलपूरकरांना दरवेळी कान्हा गाठावं लागत नाही. शहराच्या कडेलाच, विमानतळाच्या वाटेवर, डुमना नेचर रिझर्व्ह आहे. तब्बल १०५८ हेक्टर!

त्यातच खंदारी जलाशय. इंग्रजांनी १८८३ मध्ये इथे धरण बांधलं. त्याचं पाणी शहराला मिळतं. भोवतालच्या झाडीत चितळ, रानडुक्कर, साळिंदर, कोल्हे नांदतात.

थंडीत मुलांना आवर्जून दाखवावी ती मगर. तिचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. म्हणून गारठलेल्या रात्रीनंतर ती काठावर येऊन तासन्‌तास ऊन खाते. एरवी पाण्याबाहेर फक्त डोळे आणि नाकपुड्या ठेवणारा हा प्राणी तेव्हा शेपटीपर्यंत दिसतो. अर्थात, लांबूनच! पाण्यात उतरायला मनाई आहे आणि ती पाळायलाच हवी.

चितळांकडेही निरखून पाहावं. मध्य भारतात या दिवसांत बऱ्याच नरांच्या वाढत्या शिंगांवर अजून मखमली कातडी असते.

डब्यात जबलपूरच्या ताज्या मटाराची उसळ जरूर असावी, पण तिचा घास चितळांना देऊ नये. इथे बिबट्याही दिसलेला आहे, तेव्हा लेकरांना घेऊन उजेड असतानाच परतावं.