फोन कोपीत, बाप फडात

पहाटेच्या एसटीनं इथवर आलेल्या ग्रंथालय सेवक बंधुभगिनींनो,

अध्यक्षानं आधी आभार मानावेत असा शिरस्ता आहे. ते मानतो आणि तुम्हाला थेट आमच्या वाचनालयात नेतो. दिवस ऊसतोडीचे. अकरावीतली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली होती. आईबाप कोयत्यावर गेलेले, ती आजीपाशी. संगणक चालू, वीज होती, इंटरनेटही होतं. ओटीपी गेला बापाच्या नंबरावर, मुदत दहा मिनिटं. फोन कोपीत, बाप फडात. असं तीनदा झालं आणि पडद्यावर सूचना आली : चोवीस तासांनंतर पुन्हा प्रयत्न करा.

डिजिटल दरी म्हणतात ती ही. जगात 2024 साली सुमारे 260 कोटी माणसं इंटरनेटबाहेर होती, असा संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेचा त्या वर्षीचा अंदाज होता. त्यात ही मुलगी धरलेली नसणार. ती तर संगणकासमोर बसली होती.

या दरीवर जग बोलू लागलं त्याला वीस वर्षं उलटून गेली. डिसेंबर 2003 मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची माहिती-समाजावरची शिखर परिषद भरली. सरकारं आणि कंपन्यांच्या जोडीला स्वयंसेवी संघटनांनाही तिथं बोलावलं होतं. पण आपलं म्हणणं सरकारी मसुद्यात उतरत नाही हे दिसल्यावर त्यांनी परिषदेच्या दोन दिवस आधीच, 8 डिसेंबरला, स्वतःचा वेगळा जाहीरनामा काढला. माहिती-समाज माणसांच्या गरजांभोवती घडावा, हा त्याचा गाभा. पुढे 2005 च्या ट्युनिस परिषदेतून इंटरनेटच्या कारभारावर सरकारांसोबत बसून बोलायचं एक व्यासपीठ निघालं. 2008 साली ते हैदराबादलाही भरलं होतं. तिथं निर्णय होत नाहीत, नुसत्या चर्चा होतात, ही टीका खरी आहे. आणि अशा ठिकाणी पोचतो तो ज्याला विमानाचं तिकीट परवडतं आणि इंग्रजी बोलता येतं तोच, हेही खरं. दरीवर बोलणाऱ्यांतही दरी असतेच!

म्हणून मला सभागृहांपेक्षा गावं जास्त शिकवतात. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात तालेआ दे कास्त्रो नावाचं डोंगरी गाव आहे. तिथं मोबाइल सेवा द्यायला मोठ्या कंपन्यांना फायदा दिसेना. 2013 साली गावानं एका संस्थेच्या मदतीनं स्वतःचं मोबाइल जाळं उभं केलं. पुढं 2016 मध्ये अशा आदिवासी गावांच्या संघटनेला रीतसर परवानाही मिळाला. आपल्याकडे पुदुच्चेरीजवळच्या वीरमपट्टिनममध्ये स्वामिनाथन प्रतिष्ठानाच्या ज्ञानकेंद्रातली माणसं समुद्रातल्या लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घेत आणि किनाऱ्यावर भोंग्यावरून वाचून दाखवत. संगणक एकाच ठिकाणी, कान साऱ्या कोळीवाड्याचे. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्या मध्यभागी वाचून दाखवणारा माणूस आहे.

आता घरचं उदाहरण. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तर गावांत वारणेच्या सहकारी साखर परिवारातून संगणक केंद्रं निघाली. गाजावाजा मोठा झाला. काही वर्षांनी पाहिलं, तर शेतकरी तिथं येत ते मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी : टनेज किती भरलं, खत किती उचललं. मग काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं, आणि ते सोपं पडलं. गरज ओळखून यंत्र लहान करणं, याला मी शहाणपण म्हणतो. पण त्या एसएमएसमध्ये ऊस लावणाऱ्याचा हिशेब होता. ऊस तोडणारा त्याही वेळी फडातच होता.

अशा कामांमागच्या संस्था-संघटनांना ‘नागरी समाज’ म्हणतात, पण तो शब्द माझ्या जिभेवर अजून बसत नाही. आपल्याकडे मंडळ म्हणतात, संस्था म्हणतात, वाचनालय म्हणतात. कुणा देणगीदाराच्या पैशानं केंद्र उघडायचं, फीत कापायची आणि प्रकल्प संपला की कुलूप लावायचं, असे उद्योग आपल्याही क्षेत्रानं केले आहेत. वाचनालयाला निदान तसं कुलूप लागत नाही. ‘ड’ वर्गातलं, गळक्या पत्र्याचं का असेना, ते संध्याकाळी उघडतं.

त्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगतो. आमच्या सेवकबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाला फोन लावला. ‘दादा, आज तिच्या बापाला फोन खिशात ठेवायला सांगा.’ दुपारी अर्ज उघडला. बाप गाडी भरायची थांबवून एकेक आकडा वाचत होता, मुलगी टाइप करत होती, बाई घड्याळ बघत होत्या. अर्ज गेला. या कामाचे बाईंना कुणी वेगळे पैसे देत नाही. त्यांचं मानधन किती आहे ते या सभागृहात सांगायची गरज नाही.

आज दुपारी जो ठराव मांडायचा आहे, त्याचा मसुदा मी वाचला. त्यात संगणक आहेत, जोडणी आहे, सॉफ्टवेअर आहे. मतदानाआधी त्यात शेजारी बसणाऱ्या माणसाच्या पगाराची एक ओळ घाला, एवढी माझी सूचक-अनुमोदकांना विनंती आहे.