खतावणीतले नाव आणि संगणकातले नाव

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



साहित्याच्या अध्यापकाने सहकारी बँकेच्या संगणकप्रणालीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माझा विषय बँकेचा हिशेब नाही. त्या हिशेबात माणसाचे नाव कोणत्या लिपीत लिहिले जाते, एवढाच आहे.

गावात प्राथमिक संस्था, जिल्ह्याला मध्यवर्ती बँक आणि वर राज्य बँक, ही सहकारी पतपुरवठ्याची रचना आपल्याला ठाऊक आहे. १९०४ च्या कायद्यापासून ही चळवळ वाढली आणि गावातले तिचे दप्तर लोकभाषेत चालले. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, मुद्दल, थकबाकी या शब्दांसाठी सभासदाला कोश उघडावा लागत नसे. होळकरांच्या दप्तरात मराठी मोडीत लिहिली जाई. पुढे माळव्यात कारभार हिंदीत गेला, तरी नाव देवनागरीतच राहिले.

मग कोअर बँकिंग आले. सगळ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती संगणकावर गेली. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण जुन्या खतावणीतली नावे संगणकात चढवताना ती बहुधा रोमन लिपीत चढवली गेली. अडचण इथून सुरू होते.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. देवनागरीत मराठी माणूस आणि हिंदी माणूस ते एकसारखेच लिहितात. रोमनमध्ये मात्र मराठी उच्चाराने लिहिणारा ‘डी’ने सुरुवात करतो, हिंदी उच्चाराने लिहिणारा ‘जी’ने. एकाच माणसाची बँकेत एक आणि आधारपत्रावर दुसरी, अशी दोन नावे होतात. याच्या उलट ‘काळे’ आणि ‘काले’. ही दोन वेगळी आडनावे रोमनमध्ये एक होतात, आणि ती पुन्हा देवनागरीत आणताना आपला ‘ळ’ बहुधा हरवतो. म्हणजे ही लिपी एका नावाची दोन नावे करते आणि दोन नावांचे एक. त्यात भर नावाच्या क्रमाची. महाराष्ट्रातल्या याद्यांत कधी आडनाव आधी येते आणि मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव. आपल्याकडच्या अर्जांत वडिलांच्या नावाचा रकानाच वेगळा. वाचणाऱ्या कारकुनाला हा माणूस एकच आहे हे कळते. अक्षराला अक्षर लावून पाहणाऱ्या यंत्राला ते कळत नाही.

याने काय बिघडते? २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन होते आणि ते बँकांकडून आलेल्या माहितीशी ताडून पाहायचे होते. माहितीत विसंगती निघाल्या आणि वाटप रखडले. नावातला फरक हे त्याचे एकमेव कारण होते, असा माझा दावा नाही. पण ताडून पाहण्याची वेळ येते तेव्हा नाव किती महत्त्वाचे, हे त्यातून दिसले. आपल्या मध्य प्रदेशात २०१९ च्या जानेवारीत ‘जय किसान फसल ऋणमाफी योजने’चे अर्ज भरले गेले, तेव्हा आधार जोडलेल्यांसाठी हिरवा अर्ज होता, न जोडलेल्यांसाठी पांढरा आणि तक्रार असणाऱ्यांसाठी गुलाबी. तक्रारीसाठी वेगळा रंग ठेवावा लागला, यातच याद्यांवर किती विसंबता येईल याची कबुली होती.

मोठे बिघाड बातमीत येतात. २०२४ च्या जुलैअखेरीस प्रणाली पुरवणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान बँकांचे देयकव्यवहार थांबले. त्याची देशभर चर्चा झाली. एका वेलांटीने किंवा एका ‘ळ’ने अडलेल्या अनुदानाची बातमी होत नाही. ज्याचे अडते तो हेलपाटे घालतो आणि दोष आपल्याच कागदात आहे, असे समजतो.

मी भाषाशुद्धीचा आग्रह धरत नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तरी ‘जमा’, ‘खर्च’, ‘बाकी’ हे शब्द टिकले, कारण ते लोकांच्या तोंडी होते. ‘खाते’ तसे ‘पासवर्ड’ही चालेल. प्रश्न परक्या शब्दाचा नाही, न कळणाऱ्या नोंदीचा आहे. पासबुकावर ‘व्याज जमा’ असे लिहिलेले आजीला वाचता येत होते. त्या जागी चार रोमन अक्षरांचा संक्षेप आला की तिला दुसऱ्याला विचारावे लागते. स्वतःचा पैसा समजून घेण्यासाठी विचारावे लागणे ही छोटी गोष्ट नाही.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली आणि त्यासाठीचे सॉफ्टवेअर स्थानिक भाषेत असेल असे सांगितले. हे काम केवळ अभियंत्यांवर सोडू नये. विद्यार्थ्यांनी आपल्या भागातली नावे, आडनावे आणि त्यांची रोमन रूपे गोळा करावीत. अध्यापकांनी पडद्यावरच्या सूचना लोकांच्या बोलीत लिहून द्याव्यात. आणि मूळ नोंद देवनागरीत राहावी, रोमन रूप तिच्या शेजारी, अशी मागणी आपण सर्वांनी करावी. देवनागरीला युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून जागा आहे. तांत्रिक सबब आता उरलेली नाही.

आपण साहित्यात माणसाच्या ओळखीविषयी पुष्कळ लिहितो. त्या माणसाचे नाव त्याच्या स्वतःच्या खात्यावर बरोबर लिहिले जावे, एवढे तरी भाषेच्या अभ्यासकांनी पाहायला हवे.