टोकाचं पाणी



खडकवासल्याजवळ गिरिनगरला ‘डायट’ हे संरक्षण खात्याचं अभिमत विद्यापीठ आहे. तिथं एम.टेक. करणाऱ्या भाचीला मी धरणावर विचारलं, “अल्गोरिदममध्ये एवढं शिकायचं काय असतं?” हा शब्द 9व्या शतकातल्या बगदादच्या अल् ख्वारिझ्मींच्या नावावरून आला, एवढंच या बी.ए. झालेल्या कवीला ठाऊक.

ती म्हणाली, “मामू, पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी इथं येतं, इथून कालव्यानं दौंड-इंदापूरकडं जातं. समजा, वाटेत शेकडो फाटे आहेत आणि प्रत्येकात किती पाणी मावतं ते माहीत आहे. टोकाला जास्तीत जास्त किती पोचेल? एक वाट धरून पाणी सोडायचं, उरलेल्या जागेतून दुसरी शोधायची, गरज पडली तर आधीचं वळवायचं. फोर्ड आणि फुल्करसन यांनी 1956 मध्ये ही रीत मांडली.”

“मग झालं की!”

“खरा अभ्यास पुढंच. याहून थेंबभरही जास्त जाणार नाही, हे सिद्ध करावं लागतं. सगळ्या वाटा जिथं तोडता येतील असा सर्वांत अरुंद छेद शोधायचा. त्यात मावणारं पाणी नेमकं तेवढंच भरतं!”

मी गप्प झालो. टोकाच्या शेतकऱ्याला ‘पाणी पोचत नाही’ एवढंच ऐकावं लागतं. ते कुठं अडतं हे त्याला दाखवता आलं, तर निदान नकार तरी प्रामाणिक होईल.

मात्र आधी पाणी कुणाला, शहराला की शेताला, हे कुठलंही गणित सांगणार नाही. ते आपणच ठरवायचं.