बाळंतिणीच्या पायाची सूज
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य फळ्यापुढे गेले. तरी घरच्या एका प्रसंगामुळे हा विषय बोलणे आम्हांस भाग आहे.

आमच्या सूनबाईचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले. दहाव्या दिवशी तिचा डावा पाय सुजला, पोटरी ठणकू लागली. वात असेल असे समजून आम्हीच मालिशवाल्या बाईंना बोलावणे धाडले. सुदैवाने शेजारच्या परिचारिकाबाई डोकावल्या. पाय पाहताच त्यांनी तेलाची वाटी दूर सारली आणि आम्हांस इस्पितळात पिटाळले. सोनोग्राफीत खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली. पाय जोराने चोळला असता तर ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचे भय होते.

प्रसूतीसमयी रक्तस्राव आवरावा म्हणून गर्भारपणी रक्त लवकर गोठण्याची तजवीज निसर्गच करतो. त्यात शस्त्रक्रियेने शिरांस इजा पोहोचते आणि पडून राहिल्याने पायातील रक्त मंदावते. गर्भाशय काढल्यानंतरही, विशेषतः कर्करोग असल्यास, हाच धोका संभवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चारांतील एक बाळंतपण शस्त्रक्रियेने होते. तेव्हा ही गोष्ट कोणत्याच घराला परकी नाही.

प्रसूतीनंतरचे सहा आठवडे विशेष जपावयाचे. आपला सव्वा महिना जवळजवळ तेवढाच! वडीलधाऱ्यांनी मुदत बरोबर ओळखली. मात्र बाजेवरून उठू न देणे आणि पाणी मोजून देणे, हे आता सोडले पाहिजे. डिंकाचे लाडू खुशाल द्यावेत. पण डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी चालावयास सांगितले, तर सासूबाईंनी मध्ये पडू नये. पोटावर टोचावयाची इंजेक्शने सांगितली असतील, तर ‘आता बरी दिसते’ म्हणून ती अर्ध्यावर बंद करू नयेत. माहेराहून पुण्यास परतताना मोटारीत चार-पाच तास एका जागी बसवू नये. वाटेत उतरवून चार पावले चालवावे.

एकच पाय सुजला वा दुखला, तर त्याच दिवशी दाखवावे. एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा भोवळ आली, तर १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा; घरगुती काढ्यात वेळ दवडू नये.

सूनबाईला तीन महिने औषध घ्यावे लागले. बाळाचे दूध तोडावे लागले नाही. मालिशवाल्या बाई आजही आमच्या आळीत येतात. बाळंतिणीचे दोन्ही पाय आधी न्याहाळतात, मगच तेल कोमट करावयास सांगतात.