एका मताचे मोल

(संस्थेच्या पालक-मेळाव्यातील भाषण)



निवडणूक आली की आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास कानी पडते : "माझ्या एका मताने काय होणार?" असे म्हणणारा आळशीच असतो असे नाही. लाखांच्या गर्दीत आपण कोण, असे त्याला मनापासून वाटते. तेव्हा आधी त्याचाच हिशेब तपासून पाहू.

२००८ साली राजस्थानात नाथद्वारा येथून काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी उभे होते. त्यांना ६२,२१५ मते पडली, प्रतिस्पर्ध्याला ६२,२१६. कर्नाटकात संतेमरहळ्ळी येथे २००४ साली असाच एका मताने निकाल लागला होता.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही लाखात एखादी गोष्ट. कबूल! पण घरी बसणारा माणूस कधी एकटा बसत नाही. तेच वाक्य त्याच वेळी शंभर ओट्यांवर बोलले जात असते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात पहिल्या दोन उमेदवारांना मिळून नऊ लाखांवर मते पडली आणि फरक राहिला ४८ मतांचा. अठ्ठेचाळीस म्हणजे शाळेतील एका तुकडीचा पट! त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. आणि २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात तर दोघांना सारखीच, प्रत्येकी ५,९४६ मते पडली. मग कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरला. जे काम मतदारांचे, ते चिठ्ठीने केले. कोणता पक्ष जिंकला हा माझा विषय नाही. शिक्षकाने त्यात पडूही नये.

परंतु माझे मुख्य सांगणे याच्या पुढचे आहे. मत देण्याची इच्छा असूनही ज्यांना देता येत नाही, त्यांचे काय?

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून वगळावी लागली. कारण काय? त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच त्यांची नोंद. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. त्या भगिनींचे मत त्या वेळी बुडाले, पण पुढे स्त्रिया आपल्या नावाने यादीत आल्या.

आज आपल्या घरांत बायकोचे नाव सांगायला कोणी लाजत नाही. तरी घोळ वेगळ्या रूपाने उरलाच आहे. माहेरचे नाव एक, निकाहनंतरचे दुसरे. एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर काहीच नाही. मुलगी सासरी गेली, नाव माहेरच्याच यादीत राहिले. पुष्कळांना वाटते, ओळखपत्र पेटीत आहे म्हणजे झाले. तसे नाही. यादीत नाव नसेल तर ओळखपत्र असूनही मत देता येत नाही, आणि केंद्रावरच्या अधिकाऱ्याशी भांडून उपयोग नसतो. त्याच्या हातात फक्त छापील यादी असते.

कोकणातल्या आपल्या गावांना तर हे फार लागू आहे. घरचे कर्ते पुरुष आखातात. परदेशी असलेल्या भारतीय नागरिकाला २०११ पासून नाव नोंदवता येते, पण मत द्यायला त्याला स्वतः गावी यावे लागते. नोकरी सोडून कोण येणार? म्हणजे त्या घराचे मत प्रत्यक्षात आई, पत्नी आणि मुलगी यांच्याच हाती आहे. गावातली पाण्याची अडचण, शाळेची वाट, दवाखान्याची वेळ त्यांनाच अधिक ठाऊक. 'बाईमाणसाने रांगेत कशाला उभे राहायचे' असे ज्या घरात म्हटले जाते, त्या घराने आपले होते नव्हते तेवढे मतही घालवले!

तेव्हा पालकहो, घरी गेल्यावर प्रत्येक बाईचे नाव यादीत शोधा, अक्षरासकट पाहा. चूक असेल किंवा पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरावा. नव्या मतदारासाठी नमुना ६. मुलींनो, सतरा वर्षे पूर्ण झाली की तुम्ही आगाऊ अर्ज करू शकता. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण असतील, तेव्हापासून नाव धरले जाते. वयाच्या पुराव्याला दहावीचे प्रमाणपत्र चालते, आणि ते तर आपल्या शाळेतूनच मिळते.