तोडणे, मोडणे आणि इंग्रजी नोटीस



आम्ही इंग्रजी शिकलो ते शाळेत नव्हे, कारखान्याच्या फाटकावरील नोटिसा वाचून. त्यामुळे त्या भाषेतील तोडाफोडीच्या क्रियापदांशी आमची ओळख लवकर झाली. आज त्यांच्याविषयीच बोलावयाचे आहे.

आपल्याकडे काठी मोडते, मडके फुटते, दोरा तुटतो, कापड फाटते, शिवण उसवते. वस्तू पाहून क्रियापद ठरते. इंग्रजीत काठी, मडके आणि दोरा या तिन्हींना एक 'ब्रेक' पुरतो. कापडाला मात्र 'टेअर' लागते. एवढ्यावरून ती भाषा दरिद्री ठरत नाही. तिचा हिशेब निराळा आहे. 'कट' म्हटले की धारेचे हत्यार आले. 'स्प्लिट' म्हटले की लाकूड रेषेच्या दिशेने उभे चिरले. 'डिसमँटल' म्हणजे यंत्राचे भाग सुटे करणे. आमचे फिटर त्याला 'खोलणे' म्हणतात. खोललेले पुन्हा जोडता येते, फुटलेले येत नाही.

'सेव्हर' आणि 'सेपरेट' ही एकाच लॅटिन मुळाची भावंडे. पण पहिल्यात सुरीची धार दिसते, दुसऱ्यात ती लपते. म्हणूनच नोकरी जाते तेव्हा कागदावर 'व्हॉलंटरी सेपरेशन' असे गोड नाव येते. सही करण्यापूर्वी कामगाराने एवढेच विचारावे: मी वेगळा होतो आहे, की मला वेगळे केले जात आहे?

'रिट्रेंच' हा शब्द फ्रेंचमधील कापण्याच्या क्रियापदावरून आला. खंदकाला 'ट्रेंच' म्हणतात तेही त्यावरूनच. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली त्याची व्याख्या घातली गेली. शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने केलेली सेवासमाप्ती, असा तिचा गाभा होता. स्वेच्छानिवृत्तीसारखे अपवाद वेगळे. वर्षभर सलग काम केलेल्यास एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे. वर्षात 240 दिवस भरले की ते सलग वर्ष धरले जाई. मग काही मालकांनी ते दिवस भरण्याआधीच माणसाला घरी बसविण्याची युक्ती काढली. तिलाही नाव 'ब्रेक'च! काठी मोडली तर दुसरी मिळते. दिवसांची माळ तुटली की मणी पुन्हा पहिल्यापासून ओवावे लागतात.

शब्दाचा अर्थ लावण्याने भाकरी कशी वाचते, याचे उदाहरण 1976 चे आहे. स्टेट बँकेतील एका तात्पुरत्या नोकराची शेवटची नेमणूक अवघ्या नऊ दिवसांची होती. आधीचे दिवस धरून त्याचे 240 भरत होते. मुदत आपोआप संपली, आम्ही काही तोडले नाही, असे बँकेचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 'कोणत्याही कारणाने' या शब्दांवर बोट ठेवले. मुदत मालकानेच घातली, तेव्हा समाप्तीही त्याचीच, असा निर्णय झाला. पुढे 1984 साली संसदेने ठराविक मुदतीच्या कराराचा अपवाद घालून ती वाट अरुंद केली. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही 'रिट्रेंचमेंट' हा शब्द आहेच. कायदे बदलतात, क्रियापद पारखण्याचे काम संपत नाही.

तेव्हा घरात कोणाच्या हाती अशी नोटीस आली, तर तीन प्रश्न विचारा. तुटले काय? तोडले कोणी? आणि पुन्हा जोडता येईल काय? तिसऱ्याचे उत्तर एकट्यादुकट्याने शोधू नका. त्यासाठीच आपण माणसे जोडतो.